पान सातवं

पुस्तक पातळ, सोळा पानांचं.
एक कोपरा आधीच कुणीतरी चावलेला.
कुंभारीच्या बिडी वसाहतीत आमची बालवाडी,
दहालाच पत्रा तापतो,
म्हणून गोष्ट साडेनवाला.

पहिल्या पानावर आई, बाबा, ताई, दादा, मांजर.
पोरं गप्प.
असं घर त्यांनी टीव्हीत पाहिलंय.
दुसऱ्यावर एक आजोबा, एक नातू,
दोघांत मिळून एक सायकल.
"हा तर आमचा व्यंकटेश!"
आणि व्यंकटेश मेरगू, वय साडेचार,
उठून उभा राहिला
बक्षीस घ्यायला बोलावल्यासारखा.
चौथ्यावर बाबा मोबाइलच्या काचेतून हसतायत.
"भिवंडी," तीन पोरं एकदम म्हणाली.
पुस्तकात गावाचं नाव नव्हतं.

मग सातवं.
दोन बाया. एकीची वेणी, एकीचे केस कानापर्यंत.
मधे मुलगी, मुठीत दोघींचं एकेक बोट.
मागे दोरीवर वाळत घातलेली चादर.
मी पान जरा लवकर उलटलं.
खरं सांगते, मी ठरवलं नव्हतं,
अंगठ्यालाच ठाऊक होतं कुठे थांबायचं नाही ते.

"बाई, मागं घ्या."
लावण्या बोल्ली. हजेरीलाही जी नुसती मान हलवते.
आली, गुडघ्यांवर बसली,
चित्रातल्या वेणीवर बोट ठेवलं: "अम्मा."
कापलेल्या केसांवर ठेवलं: "सुगंधाम्मा."
मग माझ्याकडे बघून, मला मराठी कळतं ना
याची खात्री करत,
"हे आमचं घर."

मुनीरला एकच शंका.
"दोघी आया? मग ओरडतं कोण?"
"दोघी."
सगळा वर्ग हळहळला.

शुक्रवारी पुस्तक घरी जातं, पाळीपाळीनं.
त्या शुक्रवारी व्यंकटेशची पाळी.
सोमवारी त्याचा आजा नरसय्या
सायकल दाराला टेकवून उभा,
पुस्तक सातव्या पानावर उघडं, मधे बोट.
मी रात्रभर नाही म्हटलं तरी
चार उत्तरं जुळवून ठेवली होती.
लहान मुलांना काय कळतं, यावर एक.
वरून आलेलं पुस्तक आहे, असं एक भित्रं.

"बाई, हे चुकलंय," तो म्हणाला.
मी घसा साफ केला.
"चादर. हे फूल बघा.
पाकळी अशी मधेच तुटत नाही.
चाळीस वर्षं जेकार्डवर होतो मी.
काढणाऱ्यानं चादर कधी उलटी करून पाहिली नाही."
आणि बायांकडे नजर टाकून, सहज,
दुधाचा भाव सांगावा तसं,
"मन लावण्या."

तेलुगूत 'मा' म्हणजे आमचं,
'मन' म्हणजे आपलं.
मराठीतही आहेत हे दोन शब्द शेजारी शेजारी,
आणि मी बालवाडीत भाषा शिकवते.

दुपारी रजिस्टर काढलं.
पालक दोन, नाव: सुगंधा. नाते: मावशी.
अक्षर माझंच. कुणी सांगितलं नव्हतं,
मीच विचारलं नव्हतं.
एकीच्या नावाचं कार्ड, एकाच सुपावर दोघींचे हात,
एक पान कातरते, दुसरी दोरा गुंडाळते,
संध्याकाळी हजार बिड्यांचा हिशेब एक.
वसाहतीत कुणी उखाळ्यापाखाळ्या काढत नाही असं नाही.
नळावर काढतातच.
पण तापात पोर फणफणलं की औषधाच्या बाटलीसाठी
दार त्यांचंच वाजतं.

लावण्याला न्यायला सुगंधा आली.
केस कानापर्यंत, बोटं तंबाखूनं पिवळी.
मी रजिस्टर फिरवून तिच्यापुढे सरकवलं.
"इथं चुकीचं लिहिलंय माझ्याकडून.
काय लिहू?"

तिनं पेन घेतलं.
पोरगी चप्पल उलटसुलट घालत होती, तिकडे पाहिलं.
रकान्यावरून नखानं एक रेघ ओढली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मापात कापड बसतं का बघावं तशी.

"बाई," म्हणाली,
"जागा एवढीच आहे?"